वरचं पुरुषभर पाणी

आमच्या आईला एक खोड होती. मासा चिरायला घेतला की त्यानं शेवटचं काय खाल्लंय ते ती आधी बघायची. इतर बायका आतडी काढतात, कोंबड्यांपुढं टाकतात आणि मोकळ्या होतात. ही मात्र विळीवर उकिडवी बसून पोट हलक्या हातानं उभं चिरायची, अंगठ्यानं आतलं बाहेर काढायची, उजेडाकडं धरायची आणि निकाल द्यायची. कटल्याच्या पोटात हिरवट मऊ लापशी, त्यात टाचणीच्या टोकाएवढे किडे. "ह्यो वरच्या अंगाला तोंड वासून फिरतोय. खाली वाकायचा कटाळा ह्याला." रोहूच्या पोटात शेवाळाचे धागे, बुडालेल्या झाडांच्या खोडावरून खरवडलेले. "ह्यो मधला." मृगळाच्या पोटात चिखल. "ह्यो तळ चाटणारा." मरळीच्या पोटात बेडूक नाहीतर बारके मासे, कारण ती काठाच्या गवतात दबा धरून बसणारी. आणि चिलापीच्या पोटात काय सापडेल ते देवालाच ठाऊक. तिला आई 'लग्नातला पाव्हणा' म्हणायची. एवढं मोठं धरण, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत न्हाई बघा, असं ती कौतुकानं सांगायची आणि लगेच आम्हा भावंडांकडं डोळे वटारायची, कारण आमचे हात कायम एकमेकांच्या ताटात असत.

आता मी सातारला तिसऱ्या मजल्यावर राहते. मासा आणते तो साफ करून, तुकडे करून, काळ्या पिशवीत. मासेवाल्याला म्हणते, बाबा, पोट तेवढं तसंच ठेव. पहिल्यांदा त्याला वाटलं मी मांजर पाळलंय. नंतर त्यानं विचारणं सोडून दिलं. घरी आणून मी ते पोट बेसिनमध्ये उघडते, चष्मा लावते आणि आईसारखाच निकाल देते. ऐकायला कुणी नसतं. सूनबाई तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहते.

आमचं गाव शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी. म्हणजे नवं गाव. जुनं गाव मी जन्मायच्या आधीच धरणात गेलं. नवं गाव माळावर वसवलं. तिथं खणायला गेलं की पहार ठणकन वाजायची. त्यामुळं पूर्वी उसाच्या गोष्टी करणारी घरंही हळूहळू मासेमारीला लागली. आमचं एकच घर मूळचं भोयाचं, पिढीजात मासे धरणारं. दादांची, म्हणजे वडलांची, होडी नव्हती. त्यांच्याकडं गुऱ्हाळातली एक जुनी काहील होती. उसाचा रस कढवायची ती मोठी गोल लोखंडी कढई. तिच्यात बसून वल्हं मारायला लागलं की ती स्वतःभोवती गरागरा फिरते. दादा मात्र तिला सरळ रेषेत न्यायचे, एकाच हाताने, दुसऱ्या हातात विडी. पहाटे वल्ह्याचा काठाला ठण्‌ असा आवाज आला की आई चुलीत काटक्या सारायची, आणि परत येताना तोच आवाज आला की तवा ठेवायची. कटल्याच्या डोक्याचं तांबडं कालवण, झिंग्यांची खरपूस चटणी, मळ्या नावाच्या बारक्या माशांचं सुकं, तांदळाची भाकरी. डोकं दादांचं, शेपटीकडचं आईचं, गाभोळी धाकट्या भावाची आणि मधला जाड तुकडा माझा. ह्यावरून आमच्यात कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते रश्श्यावरून.

धरणाच्या पाण्याला आमच्याकडं जुन्या गावाचीच नावं होती. "आज शाळेवर जाळं टाकलं", "चिंचेखाली रोहू लागला", "मारुतीच्या देवळावर पाणी लय थंड हाय". दहा-बारा पुरुष, म्हणजे तेवढी माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या पाण्याखाली बुडालेलं गाव, पण बोलताना सगळे त्याच्या गल्ल्यांतूनच फिरायचे. लहानपणी मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की शाळा म्हटलं की मला आधी मासाच आठवायचा. पण ह्या नावांनीच एक वर्षी आमच्या घरावर बालंट आणलं.

झालं असं. गावच्या मासेमारी सोसायटीचे चेअरमन झाले सुभेदार आण्णा. फौजेतून आलेले, सहा फूट उंच, मिशी अशी की तिच्यावर वाळत घातलेलं धोतर राहावं. माणूस वाईट मुळीच नव्हता, पण त्यांना सगळं रांगेत हवं असायचं. त्यांच्या दारातल्या कुंड्यासुद्धा सावधान उभ्या असायच्या. जो तो कुठंही जाळं टाकतो आणि रोज दोरीत दोरी अडकून भांडणं होतात, ह्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. दिवाळी झाल्यावर त्यांनी नव्या देवळाच्या मंडपात मीटिंग लावली आणि जुन्या गावाचा शेतांचा नकाशा पसरला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. "ज्याचं रान, त्याचं पाणी," आण्णा म्हणाले. "तुझी म्हस माझ्या रानात घुसून चरली तर मी ती बांधून ठीवतो का न्हाई? तसाच मासा. माझ्या रानात चरला, त्यो माझा. रूल म्हंजे रूल."

सगळ्यांना ते एकदम पटलं. पटणारच. शेतकऱ्याला बांध दाखवला की त्याला बरं वाटतं. आमच्या दादांनी मागून हळूच विचारलं, "आन आण्णा, आमचं पाणी कुठलं?"

"तुझं रान कुठं हुतं, गणपा?"

"न्हवतं."

आण्णा नकाशाकडं बघत राहिले. त्यांनाही अवघड वाटलं असावं, पण नियम त्यांनीच केला होता. "मग कसं करायचं, गड्या? तू माझ्या होडीवर ये. वल्हं मार. तुझ्यासारखं धरण ठावं असलेला माणूस दुसरा कोन हाय?" दादा उठले. चपला घालून बाहेर आले. धरणात मासे कुठं आणि कधी, हे गावाला ज्यांनी शिकवलं त्यांनाच धरणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी सतरा वर्षांची होते आणि मला इतका राग आला होता की घरापर्यंत मी दादांच्या चार पावलं पुढं चालत होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाले, "शिमगा झाला की कवठे महांकाळला जाऊ. तुझा भाऊ बलावतोयच. शेरडं राखू." आई भाकरी थापता थापता थांबली. आमचा मामा माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या गावाला पाणी टँकरने यायचं आणि अंघोळीला तांब्या मोजून मिळायचा. "आवं, भोयाला घिऊन निघालाय कुठं, तर कवठे महांकाळला!" आई म्हणाली. "काहील काय शेरडांना पाणी पाजायला न्यायची?" आम्ही पोरं हसलो. दादाही हसले, पण जाणार हे त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता, आणि खरं सांगते, मला तो हट्ट आवडला होता.

इकडं धरणावर नुसता तमाशा सुरू झाला. थर्माकोलचे पांढरे तुकडे दोरीला बांधून पाण्यावर बांध घातले गेले. पाण्यावर! शिरपा आणि दत्तू हे सख्खे भाऊ एका आंब्यावरून हमरीतुमरीवर आले. "आंबा माज्या हद्दीत हाय." "कवापासनं? आंबा वाटणीत मला आला हुता." आंबा होता सात पुरुष खोल पाण्यात आणि त्याला शेवटचं फळ धरलं त्याला वीस वर्षं होऊन गेलेली. एकजण तर दुसऱ्यावर बांध कोरल्याचा आरोप करून शिराळ्याला वकिलाकडं निघाला होता. बायकोनं चप्पल लपवली म्हणून राहिला.

ह्या नव्या मासेमारांना मासा चिरता कुठं येत होता? त्यांच्या घरातल्या बायका कोंबडी कापतील, पण मासा हातात धरला की तो निसटून माजघरात. म्हणून सगळे आईकडं यायला लागले. घाटाच्या पायऱ्यांवर ती सकाळी विळी घेऊन बसायची, सगळ्या गावचे मासे चिरायची, आणि अर्थात सगळ्यांची पोटं बघायची. मी शेजारी बसून शाळेच्या उरलेल्या वहीत लिहायची: कुणाच्या पाण्यातला, कुठला मासा, पोटात काय. मला उद्योग नव्हता आणि राग होता, त्यामुळं अक्षर फार ठळक यायचं. पंधरा दिवसांत वहीतून एक गंमत दिसायला लागली. जुन्या गावात ज्यांचं रान सगळ्यात भिकार, वरचं मुरमाड माळरान, त्यांच्या वाट्याला काठाचं उथळ पाणी आलं होतं. त्यांच्या टोपल्या चिलापी आणि मरळींनी भरून यायच्या. मधल्या टप्प्यात रोहू, मृगळ बऱ्यापैकी. आणि सुभेदार आण्णांची मळी, नदीकाठची काळीभोर जमीन, अख्ख्या पंचक्रोशीत नाव असलेली, ती गेली होती धरणाच्या सगळ्यात खोल भागात. तिथून मासा येत नव्हता. एकसुद्धा नाही.

आण्णा रोज सकाळी फौजी टोपी घालून पत्र्याच्या होडीतून मळीवर जायचे आणि रिकामे परत यायचे. पहिल्या महिन्यात म्हणाले, पाणी थंड आहे. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, जाळं जुनं आहे. तिसऱ्या महिन्यात घाटावर सगळ्यांदेखत म्हणाले, "असल्या रानात मासा न्हाई म्हंजे काय? कुनीतरी माज्या आधी जाऊन उचलतंय. आन कवा कुठं मासा असतो ते गावात एकालाच ठावं हाय." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. दादा पायरीवर बसून शेजाऱ्याचं फाटलेलं जाळं विणून देत होते. त्यांनी सुई ठेवली, उठले आणि घरी गेले. त्या दिवशी आईनं पोती काढली. मोठं पातेलं, पाटा-वरवंटा, तिखटाची बरणी, सगळं बांधायला सुरुवात केली. शिमग्याला आठ दिवस होते.

मला काही ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काखेत मारली आणि आण्णांच्या होडीत जाऊन बसले. ते म्हणाले, "उतर पोरी." मी म्हटलं, "न्हाई उतरत. तुमचा मासा कोन चोरतंय ते बघाय आलीया." त्यांना वाटलं मी घरचं गुपित फोडायला आलेय, म्हणून त्यांनी होडी सोडली. मळीवर पोचलो. आण्णांनी जाळं वर ओढायला घेतलं. ओढतायत, ओढतायत, संपतच नाही. मी बघतच राहिले. जाळ्याला खाली इतके दगड बांधलेले की ते थेट तळाला जाऊन बसलेलं. वर आलं ते काळ्या चिखलाने माखलेलं, वास सडक्या अंड्यासारखा. आईनं मला कधीच सांगितलं होतं, इतक्या खाली वारं पोचत नाही, तिथं चरायलाही कुणी येत नाही. "आवं आण्णा," मी ओरडलेच, "जाळं तळाला कशापायी टाकताय?"

ते माझ्याकडं अशा नजरेने बघायला लागले की जणू मीच खुळी. "रान तळाला हाय. मग जाळं कुठं टाकू?"

मला हसू फुटणार होतं. पण तेवढ्यात त्यांनी जाळ्याला चिकटलेला चिखल चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. त्या घाणेरड्या वासाचा चिखल! म्हणाले, "गाव बुडलं तवा मी बॉर्डरवर हुतो. रजा मंजूर हुईस्तोवर पानी चढलं हुतं. शेवटचं रान बघितलंच न्हाई मी." मग टोपी सारखी केली आणि वल्हं उचललं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. तीन महिने हा माणूस मासे धरायला येत होता असं आम्ही समजत होतो. 

घाटाकडं परतताना मी त्यांना म्हटलं, "आण्णा, सोसायटीच्या मंगळवारच्या मीटिंगच्या आधी एक दिस दादांना तुमच्या मळीवर जाळं टाकू द्या. दगड न बांधता. मासा मिळाला तर तुमच्याच रूलनं निवाडा करायचा." रूलचं नाव काढल्यावर ते नाही म्हणूच शकत नव्हते. दादांना तयार करायला मला जास्त वेळ लागला. ते म्हणाले, चोर म्हणणाऱ्याच्या पाण्यात मी जाणार नाही. शेवटी आई म्हणाली, "आवं, जाता जाता काहिलीला तेवढंच एकदा पानी लागंल." मग गेले. जाळ्याला लाकडाचे हलके तुकडे बांधले आणि वरच्यावर तरंगत सोडलं, पुरुषभर खोल, त्याच्या खाली नाही.

मंगळवारी सकाळी ते दोन कटले घेऊन आले. एक तर माझ्या धाकट्या भावाएवढा वाटला. भाऊ म्हणतो मी वाढवून सांगते. दोन्ही कटले घाटावर ठेवले, सगळं गाव गोळा झालं. आण्णा आले, मासा बघून क्षणभर त्यांची मिशी हलली, आणि मग म्हणाले, "म्हंजे मासा हुताच. मग माज्या रानातला मासा माजाच की."

मी वही घेऊन पुढं झाले. "तुमचा रूल काय आण्णा? माज्या रानात चरला त्यो माजा. मग त्यो कुठं चरला ते बघू." आणि मी आईला म्हटलं, "चीर गं."

आईनं सावकाश पोट उभं चिरलं. अंगठ्यानं आतलं सगळं एका पळसाच्या पानावर काढलं आणि पान आण्णांपुढं धरलं. हिरवट लापशी. "ह्यात तुमच्या मळीचा एक कण दावा," ती म्हणाली, "मासा तुमचा. चिरून बी दीन."

आण्णा खाली बसले. त्यांनी बोट घातलं, चोळलं, उजेडात धरलं. वास घेतला. त्या मातीचा वास गावात सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक होता, आणि हे सगळ्यांना माहीत नसलं तरी मला माहीत होतं.  मग आईनं शेजारच्या टोपलीतला मधल्या टप्प्यातला मृगळ चिरला; आत चिखल. "ह्यो रानात चरलाय. ज्याचं रान त्यानं घ्यावा." मग शिरपा-दत्तूच्या पाण्याकडचा रोहू, आत शेवाळ. "ह्यो खोडावरचं खातोय. तिकडं एकच खोड हाय, आंब्याचं." शिरपा आणि दत्तू एकदम म्हणाले, "माजा!" आणि सगळा घाट हसायला लागला. ते दोघेही हसले, बऱ्याच महिन्यांनी एकमेकांकडं बघून.

आण्णा मात्र अजून त्या पानाकडं बघत होते. "मग ह्यो चरला कुठं?" त्यांनी विचारलं.

दादा पहिल्यांदा बोलले. "पाण्यात, आण्णा. त्याला रान लागत न्हाई. आमच्यासारखंच. तुमचा तळ तुमचाच ऱ्हाऊ दे, त्याला आमी हात लावत न्हाई. समद्यांच्या रानावरचं वरचं पुरुषभर पानी तेवढं आमाला द्या."

आण्णा उठले. बोट धोतराला पुसलं. "माती न्हाई," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक कण न्हाई. गणपा, मासा तुजा. आन त्या दिशी मी जे बोललो, ते माजं चुकलं." फौजी माणसानं भर घाटावर चूक कबूल करायची म्हणजे काय, ते सातारा-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको.

थर्माकोलचे बांध त्याच आठवड्यात निघाले. कुणी काठ धरायचा, कुणी मधलं पाणी, कुणी तळ, अशी नवी वाटणी झाली आणि वरचं पुरुषभर पाणी दादांचं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढं सातारला कॉलेजात सरांनी एकदा तासभर इंग्रजीतून हेच शिकवलं, एका तळ्यात निरनिराळे मासे निरनिराळ्या थरांत निरनिराळं खातात म्हणून टिकतात. फळ्यावर तीन आडव्या रेषा काढल्या. मी एवढी हसले की त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. आण्णा म्हातारे झाले, होडी सुटली, तेव्हा दादा दर दिवाळीला काहील मळीवर न्यायचे, दोरीला डबा आणि डब्याला दगड बांधून खाली सोडायचे आणि ओंजळभर काळा चिखल आण्णांच्या दारात नेऊन ठेवायचे. आण्णा तो तुळशीला घालायचे. तळ त्यांचा होता, त्याला दादांनी एवढाच हात लावला.

पण मला जी आठवण सगळ्यात प्यारी आहे ती त्या मंगळवारच्या संध्याकाळची. आण्णांना आम्ही जेवायला बोलावलं होतं आणि ते खरंच आले, इस्त्रीचा सदरा घालून. कटला चिरून तयार, चूल पेटलेली, दादा काहिलीचा तळ घासत अंगणात बसलेले. आईनं हात पुसले, इकडं तिकडं बघितलं आणि मग तिच्या लक्षात आलं. कोपऱ्यात कवठे महांकाळची पोती तोंडं आवळून उभी होती.

"शेवंते," ती मला म्हणाली, "सोड गं ती पोती. कालवणाचं पातेलं तळाला हाय."